मधुमेही पायाच्या जखमेवरील कोलॅजन शीट: उपयोग आणि मर्यादा

आईच्या डाव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, मधुमेहामुळे झालेली जखम साध्या ड्रेसिंगने भरेना, तेव्हा शल्यचिकित्सकांच्या सल्ल्याने आम्ही नाशिकच्या गोळे कॉलनीतील औषधांच्या बाजारातून कोलॅजन शीट, म्हणजे कोलॅजन या प्रथिनाचा जखमेवर लावायचा पातळ पापुद्रा, आणली.

शीट पाकिटातल्या द्रवात बुडवलेली असते. ती सलाईनमध्ये नीट धुऊन, जखमेपेक्षा थोडी मोठी कापून, मधोमधून कडेकडे हलक्या हाताने दाबत बसवावी लागते, कारण खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग जखमेला चिकटत नाही. एकदा बसली की मात्र रोज ड्रेसिंग उखडण्याचा जाच थांबतो, आणि या उत्पादनाचा मला जाणवलेला सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

कोलॅजन हे त्वचेच्या आतल्या थराचे मुख्य प्रथिन. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेत प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) वाजवीपेक्षा जास्त असतात आणि शरीराने विणलेले नवे जाळे तीच नष्ट करतात. बाहेरून लावलेले कोलॅजन या विकरांचा मारा स्वतःवर घेते आणि द्राक्षवेलीला मांडव मिळावा तसा पेशींना पसरण्यासाठी आधार देते, अशी यामागची कल्पना आहे. कल्पना पटण्याजोगी आहे. पुरावा मात्र तितका भक्कम नाही. मधुमेही पायावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना जखम भरून यावी एवढ्यासाठी कोलॅजन ड्रेसिंग वापरू नये, असेच सांगतात. याउलट, रुग्णाच्याच रक्तातून पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन) यांचा पातळ थर बनवून तो जखमेवर लावण्याच्या पद्धतीची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी: वीस आठवड्यांत त्या गटातील ३४ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांच्या. एवढी काळजी घेऊनही दोन्ही गटांतील बहुसंख्य जखमा त्या मुदतीत उघड्याच राहिल्या, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आईची जखम भरली. तथापि त्याच काळात डॉक्टरांनी मेलेले मांस आणि कडेचे घट्टे वेळोवेळी काढले, पायावरचा भार हटवण्यासाठी विशिष्ट प्लास्टर घातले आणि साखर आटोक्यात आणली, त्यामुळे सगळे श्रेय शीटला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माझ्या मते खरे काम प्लास्टरने केले. संवेदना गेलेल्या पायाने माणूस दुखत नाही म्हणून चालत राहतो, आणि त्या दाबाखाली कोणतेही महागडे आवरण टिकत नाही.

खरेदीबाबत एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या दुकानात कोलॅजन कोणत्या प्राण्यापासून काढले आहे, हे विचारूनही सांगता आले नाही. ते गाईगुरांपासून काढलेले असू शकते किंवा माशांपासूनही, त्यामुळे श्रद्धा आणि माशांची ॲलर्जी या दोन्ही दृष्टींनी ही माहिती रुग्णाला मिळालीच पाहिजे. दुसऱ्या दुकानदाराने पाकिटावरचा स्रोत, बॅच क्रमांक व मुदत दाखवली आणि पक्के बिल दिले.

शीट विकत घेण्यापूर्वी पायाच्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी केली जाणारी) करून घ्यावी. धमनी अरुंद झाली असेल तर आधी तिच्यावर उपचार व्हायला हवेत. तोवर शीटवर केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.