टकोमा: २०२३ पर्यंतची की २०२४ नंतरची?

टकोमा ही टोयोटाची मध्यम आकाराची पिकअप. तिची तिसरी पिढी अमेरिकेत २०१६ ते २०२३ या मॉडेल वर्षांत विकली गेली. २०२४ पासून चौथी आली. आता तिसरी हवी असेल तर ती वापरलेलीच मिळणार, आणि टकोमाची किंमत इतकी हळू उतरते की कमी मैल चाललेली २०२३ आणि शोरूममधली कोरी गाडी यांच्या किमतींत अपेक्षेएवढं अंतर बऱ्याचदा पडत नाही. माणूस अडकतो तो इथेच. मग चर्चा सुरू होते ती इंजिनाची: जुनं सहा सिलिंडरचं व्ही-६ बरं की नवं टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारं?

मी दोन्ही चालवल्या आहेत आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. मागच्या सीटवर कोण बसणार, मागे काय ओढणार आणि गाडी किती वर्षं ठेवणार, ही तीन उत्तरं पक्की असतील तर इंजिनाचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो. ती पक्की नसतील तर इंजिनावर कितीही वाचा, निर्णय लागत नाही.

इंजिन आणि गिअर

जुन्यातलं ३.५ लिटरचं व्ही-६ २७८ हॉर्सपॉवर आणि २६५ पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. नव्यातलं २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत नेमकी तेवढीच, २७८ हॉर्सपॉवर देतं, पण टॉर्क ३१७. कागदावर हा फरक फार मोठा वाटत नाही. रस्त्यावर तो मोठा वाटतो, कारण तो टॉर्क किती आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, हाती येतो याला महत्त्व आहे. व्ही-६ चा जोर ४,६०० आरपीएमला शिगेला पोचतो. टर्बोचा जोर त्याच्या निम्म्याहूनही कमी आरपीएमवर मिळायला लागतो.

हायवेच्या रॅम्पवर हे लगेच कळतं. जुन्या गाडीत पाय दाबला की सहा गिअरचा ऑटोमॅटिक जरा विचार करतो, दोन गिअर खाली येतो, काटा ४,००० च्या पुढे जातो, इंजिनाचा आवाज केबिन भरून टाकतो आणि मग गाडी उसळते. लांब चढावर तर त्याची सतत गिअर बदलण्याची चुळबुळ चालू असते. काहींना याची इतकी सवय होते की ते लक्षातही येत नाही. काहींना रोज त्रास होतो. नव्या गाडीत आठ गिअर आहेत आणि २,००० च्या आसपासच पुरेशी खेच मिळते. त्याच चढावर ती गिअर कमी वेळा बदलते आणि आवाजही कमी करते. आवाजाचा पोत मात्र व्ही-६ चा जास्त चांगला, हे मान्य.

इथे एक खबरदारी घ्या. ‘नवी टकोमा’ ही एकच गाडी नाही. सगळ्यात खालच्या एसआर प्रकारात तेच टर्बो २२८ हॉर्सपॉवर आणि २४३ पाउंड-फूट टॉर्कवर आणून ठेवलंय, म्हणजे जुन्या व्ही-६ पेक्षाही कमी. नवी घ्यायची म्हणून एसआर घेतली तर मी वर केलेलं कौतुक त्या गाडीला लागू होत नाही. जुन्याच्या बाजूलाही असाच खड्डा आहे: २.७ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, १५९ हॉर्सपॉवर. शहरात हलकं सामान नेण्यापुरतं ते ठीक आहे, पण हायवेचा रोजचा प्रवास असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मॅन्युअल गिअर दोन्ही पिढ्यांत मिळतो. नव्यात मॅन्युअल घेतला तर इंजिन २७० हॉर्सपॉवरचं होतं. क्लचवर प्रेम असेल तर एवढी घट काहीच नाही.

हायब्रिड कशासाठी

चौथ्या पिढीत हायब्रिडही आहे: ३२६ हॉर्सपॉवर आणि ४६५ पाउंड-फूट टॉर्क. ‘हायब्रिड म्हणजे पेट्रोलची बचत’ या हिशेबाने ती घेणाऱ्याची निराशा होईल. सरकारी चाचणीत फोर-व्हील ड्राइव्ह हायब्रिड गॅलनला सरासरी २३ मैल देते. साध्या टर्बोपेक्षा एखाद-दोन मैल जास्त. त्या फरकातून जादा मोजलेले पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. हिची विजेची मोटर ताकदीसाठी बसवली आहे. शिवाय या गाडीतून हौद्यात आणि केबिनमध्ये २,४०० वॅटची वीज मिळते. साइटवर करवत, ड्रिल चालवणाऱ्याला किंवा जंगलात तंबू टाकणाऱ्याला ही सोय खरोखर उपयोगाची आहे. बदल्यात बॅटरी मागच्या सीटखालची जागा खाते आणि ट्रेलर ओढण्याची मर्यादा ६,००० पाउंडांवर येते, साध्या टर्बोच्या ६,५०० पेक्षा कमी. ही वीज किंवा हा जोर नक्की लागणार असेल तरच हायब्रिड घ्या.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर टाकीचंही पाहा. जुन्याची टाकी २१.१ गॅलनची, नव्याची १८.२ गॅलनची. फोर-व्हील ड्राइव्ह व्ही-६ ऑटोमॅटिक सरासरी २० मैल देते, म्हणजे भरलेल्या टाकीत ४२० मैलांच्या आसपास. नवी जास्त मायलेज देऊनही एका टाकीत जुन्याइतकी लांब जात नाही. पंप दूरदूर असलेल्या भागात फिरणाऱ्याला हे जाणवेल. शहरात राहणाऱ्याने यावर विचार करत बसू नये. दोन्हींना साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं.

ओढायचं किती, लादायचं किती

जाहिरातीतला आकडा बघितला तर इथे जुनीच जिंकते: छोट्या कॅबच्या (केबिनच्या) व्ही-६ मध्ये ६,८०० पाउंडांपर्यंत. नव्याची कमाल ६,५००. पण डोंगरी रस्त्यावर ४,००० पाउंडांचा ट्रेलर मागे लावून जायचं असेल तर मी नवीच निवडीन, कारण तिथे गाडीला खालच्या आरपीएमवरचा टॉर्क लागतो आणि तो नव्यात आहे.

खरी अडचण ओढण्यात नसून लादण्यात येते. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा स्टिकर असतो आणि त्यावर माणसं व सामान मिळून कमाल किती पाउंड, ते लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एका गाडीचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीवर तो वेगळा असू शकतो. जितकी जास्त उपकरणं, तितका तो खाली येतो. समजा तो १,१०० पाउंड आहे आणि तुम्ही ४,५०० पाउंडांचा ट्रेलर लावला. त्यातला साधारण १२ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या कडीवर, येतो: ५४० पाउंड. उरले ५६०. आता दीडशे पाउंडांची चार माणसं बसवा, झाले ६००. हौद्यात अजून काहीही ठेवलेलं नाही, ट्रेलर मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, आणि तरीही गाडी ओव्हरलोड झाली. सेल्समनच्या तोंडून हा हिशेब क्वचितच निघतो. जुनी असो वा नवी, सौदा करण्याआधी ज्या गाडीची चावी मिळणार आहे तिच्याच दारावरचा आकडा वाचा.

जुन्या पिढीत मागे सर्वत्र कमानपाटे आहेत. नव्यात चार दारांच्या डबल कॅबच्या बहुतेक प्रकारांना कॉइल स्प्रिंग आल्या, खालच्या प्रकारांत पाटे राहिले. हौदा रिकामा असताना खड्ड्यांतून जाताना जुन्याचा मागचा भाग उडतो. नव्याचा पुष्कळ शांत राहतो. रोज रिकामी चालवणाऱ्याला, म्हणजे बहुतेकांना, हा फायदा इंजिनापेक्षाही आधी जाणवतो.

बसणं

तिसऱ्या पिढीची जमीन उंच आणि सीट खाली. ड्रायव्हरला पाय पुढे लांब करून बसावं लागतं. उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि तासाभराने मांड्यांना आधार नाही हे कळायला लागतं. २०२० पासून एसआर ५ (एसआरच्या वरचा प्रकार) आणि त्याहून वरच्या प्रकारांत ड्रायव्हरची सीट विजेवर वरखाली होऊ लागली, अॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोही त्याच वर्षी आले. म्हणून जुनी घ्यायचीच तर २०२० किंवा नंतरची बघा. नव्यात बसण्याची ठेवण मुळातच सुधारली आहे. टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची घेऊ नका. निदान पाऊण तास बसा.

मागच्या सीटची गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्यात छोट्या कॅबला मागे उलटी उघडणारी लहान दारं आणि दोन घडीच्या सीट होत्या, अडीअडचणीला माणूस बसायचा. नव्या एक्स्ट्राकॅबमध्ये मागे सीटच नाहीत, फक्त सामानाची जागा. महिन्यातून एकदा जरी तिसरा माणूस बसणार असेल तरी नव्या पिढीत तुम्हाला डबल कॅबच घ्यावी लागेल. डबल कॅबची मागची सीट दोन्ही पिढ्यांत बेताचीच आहे. लहान मुलाची मागे तोंड करून बसवायची सीट असेल तर ती घेऊन जा आणि लावून बघा. पुढची सीट किती पुढे सरकवावी लागते ते तिथेच कळेल.

बाकीचं थोडक्यात. नव्यात मागेही डिस्क ब्रेक आहेत, जुन्यात ड्रम. स्टिअरिंग हायड्रॉलिकवरून इलेक्ट्रिकवर गेलं, त्यामुळे लेनच्या मधोमध राहायला गाडी मदत करू शकते. ऑटोमॅटिक असेल तर पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा रडार क्रूझ ट्रॅफिकमध्ये पूर्ण थांबेपर्यंत काम करतो; जुन्याचा क्रूझ कमी वेगात सोडून देतो. रोज ट्रॅफिकमधून ये-जा असेल तर एवढ्यावरही नवी घ्यावी असं मी म्हणेन. १४ इंची स्क्रीनवर मात्र भाळू नका.

भरवशाचं काय

‘जुनी तावून सुलाखून निघालेली, नवी अजून कच्ची’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. व्ही-६ ला टर्बो नाही, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, त्यांच्या नळ्या नाहीत. बिघडण्याजोगे भाग कमी. सुटे भाग मुबलक, आणि हे इंजिन ओळखणारा मेकॅनिक कुठेही सापडतो. पंधरा वर्षं ठेवणाऱ्याला याची किंमत आहे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ च्या सुमारे ३,८१,००० टकोमा परत बोलावल्या, कारण मागच्या अॅक्सलच्या टोकांवर राहिलेल्या वेल्डिंगच्या कणांमुळे नट सैल होऊ शकत होते. म्हणजे पिढी मुरलेली असली तरी शेवटच्या वर्षांतली गाडीही सदोष निघू शकते. नव्यालाही २०२५ मध्ये असाच रिकॉल (दुरुस्तीसाठी परत बोलावणं) झाला: २०२४-२५ च्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागच्या चाकांच्या आत साचणारा चिखल ब्रेकच्या होजला घासू शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘टोयोटाच्या नव्या टर्बोत धातूचे कण राहिले’ ही बातमी खरी आहे, पण ती टुंड्रासारख्या टोयोटाच्या मोठ्या गाड्यांतल्या ३.४ लिटर जुळ्या टर्बोच्या व्ही-६ ची. टकोमाचं चार सिलिंडरचं इंजिन वेगळं आहे. त्या बातमीवरून टकोमा नाकारू नका.

माझा स्वतःचा कल असा: नवी घ्यायची तर पहिल्या वर्षातली, २०२४ ची, टाळून नंतरची घ्यावी, आणि टर्बोचं तेल, खासकरून ट्रेलर ओढत असाल तर, १०,००० मैलांची वाट न बघता ५,००० ला बदलावं.

कोणी कोणती घ्यावी

दहा-पंधरा वर्षं ठेवणार, हात काळे करायची आवड आहे, ट्रेलर नाही किंवा हलका आहे, रस्ते बरेचसे सपाट: २०२० ते २०२३ मधली व्ही-६. तुम्हाला नव्याची काही उणीव भासणार नाही.

रोज तासभर चालवणार, उंची जास्त, डोंगरात ट्रेलर, घरातली माणसं गाडीत नेहमी सोबत: नवी, डबल कॅब, एसआर ५ किंवा वरची, साधी टर्बो. पाच-सात वर्षांत बदलणार असाल तर दूरच्या दुरुस्त्यांची चिंता करायचं कारणही उरत नाही.

दोन्हींच्या मधे असाल तर वॉरंटीचा हिशेब करा. टोयोटाची साधारण वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, आणि ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात. वापरलेल्या २०२३ वर यातलं किती शिल्लक आहे ते विचारा, आणि जेवढं संपलं आहे त्याची किंमत मनातल्या मनात तिच्या किमतीत मिळवा.

वापरलेली बघायला जाल तेव्हा १७ अक्षरांचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) आधी मागवून एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. राहिलेला रिकॉल लगेच दिसतो आणि त्याचं काम डीलरकडे फुकट होतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी असेल तर टॉर्च घेऊन खाली वाका, चेसिसच्या आतल्या बाजूला आणि कमानपाट्यांच्या टोकांना हात लावून बघा. वरवरचा तांबूसपणा चालतो. पापुद्रे सुटत असतील तर ती गाडी सोडून द्या, किंमत कितीही कमी सांगितली तरी.