बाटलीत भांग नव्हतीच

बाबांचं वजन सहा महिन्यांत ६३ वरून ४८ किलोवर आलं. फुप्फुसाचा कॅन्सर. वरण-भाताचे दोन घास घ्यायचे आणि "पुरे आता" म्हणत ताट सरकवायचे. आई ते झाकून ठेवायची, तासाभराने पुन्हा पुढ्यात आणायची. अशा घरात कुणीही काहीही खपवू शकतं.

केमोच्या रांगेत ओळख झालेल्या एकाने भूक वाढवणाऱ्या तेलासाठी नंबर दिला. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत 'सल्लागार' बसायचा. त्याने सांगितलं, गांज्यात टीएचसी हे नशा आणणारं रसायन असतं. तेच प्रयोगशाळेत बनवलं की ड्रोनॅबिनॉल. अमेरिकेत ते १९८५ पासून केमोच्या मळमळीवर आणि १९९२ पासून एड्सच्या रुग्णांची भूक-वजन घटतं त्यावर मान्य आहे. हे मी घरी येऊन तपासलं, तर शब्द न् शब्द खरा. झालं, माझा विश्वास बसला. "आपलं तेल म्हणजे तेच, पण नैसर्गिक," म्हणत त्याने ३० मिलीची बाटली दिली. ७,५०० रुपये, पावती नाही. "कायद्याची भानगड असते, कुठे बोलू नका."

दोन बाटल्या संपल्या, ताट तसंच परत जात होतं. तिसरी कुरिअरने मागवली आणि चौथ्या दिवशी पोलीस म्हणवणाऱ्या एकाचा फोन आला: पार्सलमध्ये गांजा सापडलाय, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागेल, मिटवायचं तर ४० हजार. हातपाय गळाले. घासाघीस करून २५ हजार यूपीआयने पाठवले. (पोलीस घासाघीस करतात का, हेही तेव्हा सुचलं नाही.)

बरेच दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. शेवटी ताईने मोबाइलच्या कॅमेऱ्यात लेबल मोठं करून वाचलं: हेम्प सीड ऑइल. भांगेच्या बियांचं तेल. त्यात टीएचसी जवळजवळ नसतंच आणि २०२१ पासून आपल्याकडे ते खाद्यपदार्थ म्हणून रीतसर विकता येतं. म्हणजे मी घाबरून लपवत होतो ते किराणा सामान!

बाबांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं, रागावले नाहीत. म्हणाले, कॅन्सरमध्ये भुकेसाठी ड्रोनॅबिनॉल आणि मेजेस्ट्रॉल नावाचं भूक वाढवणारं औषध यांची तुलना झालीय, त्यात मेजेस्ट्रॉल सरस ठरलं. ते इथे चिठ्ठीवर मिळतं, पण रक्तात गुठळ्या व्हायचा धोका असतो, म्हणून बाबांचे रिपोर्ट बघून ठरवू. हे मी दोन महिने आधी विचारलं असतं तर फुकटात कळलं असतं.

त्याच संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलंच विचारलं, "पैसे जाऊन किती वेळ झाला?"

"नऊ दिवस," मी म्हटलं.