क्रोममधून यूब्लॉक ओरिजिन गेल्यानंतर: लाइट, फायरफॉक्स आणि ब्रेव्ह यांचा काही महिन्यांचा वापर

क्रोमच्या १३९व्या आवृत्तीत मॅनिफेस्ट व्ही२ पद्धतीची, म्हणजे क्रोमच्या जुन्या नियमावलीनुसार लिहिलेली, एक्स्टेन्शन्स चालवायची सोय पूर्णपणे निघाली. १३८पर्यंत कंपन्यांसाठी ठेवलेली एक पॉलिसी वापरून जाहिराती अडवणारं जुनं यूब्लॉक ओरिजिन जिवंत ठेवता येत होतं. आता रजिस्ट्री आणि फ्लॅगचे ते सगळे उपाय संपले, तरी ते सांगणारे लेख अजून फिरत असतात. त्यांच्या मागे वेळ घालवू नका. क्रोमची जुनी आवृत्ती अडवून ठेवणं तर साफ चुकीचं. जाहिरातीपेक्षा न भरलेलं सुरक्षेचं भोक जास्त महाग पडतं.

उरलेले खरे मार्ग तीन: क्रोम किंवा एजवर यूब्लॉक ओरिजिन लाइट (नव्या मॅनिफेस्ट व्ही३ नियमांत बसणारी त्याची आवृत्ती), फायरफॉक्सवर पूर्ण यूब्लॉक ओरिजिन, किंवा ब्रेव्ह ब्राउझरचं अंगचं जाहिराती अडवणारं शील्ड्स. तिन्ही शेजारी शेजारी काही महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. साध्या पानांवरच्या जाहिराती तिघंही जवळजवळ सारख्याच अडवतात. फरक पडतो तो एखादं पान मोडल्यावर किंवा एखादी जाहिरात निसटल्यावर: दुरुस्ती किती लवकर येते आणि त्यातलं किती तुम्हाला स्वतः करता येतं.

त्यासाठी आधी नियम नेमका काय बदलला ते पाहू. जुन्या पद्धतीत पान जी जी विनंती पाठवायचं, ती ब्राउझर आधी एक्स्टेन्शनला दाखवायचा, थांबायचा आणि एक्स्टेन्शन सांगेल तसं करायचा. या सोयीचं नाव वेबरिक्वेस्ट. क्रोमच्या मॅनिफेस्ट व्ही३मध्ये एक्स्टेन्शन विनंती पाहू शकतं, पण अडवू शकत नाही. अडवायचं काम डिक्लेरेटिव्ह नेट रिक्वेस्टकडे गेलं. एक्स्टेन्शन नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करतं आणि निर्णय ब्राउझर घेतो. याला खाजगीपणाचं कारण दिलं जातं आणि ते अर्धं खरं आहे. लाइट सर्वात खालच्या पातळीवर तुमच्या पानांतला मजकूर वाचायची परवानगी न वापरताही जाहिराती अडवतं, हे जुन्या पद्धतीत शक्य नव्हतं. पण विनंत्या नुसत्या पाहण्याची वाट खुलीच राहिली. परवानगी मिळवलेलं वाईट हेतूचं एक्स्टेन्शन आजही तुमच्या भेटींची नोंद ठेवू शकतं. म्हणून एक्स्टेन्शन निवडताना पूर्वीइतकीच सावधगिरी हवी.

नियमांच्या संख्येवरून बरीच भीती पसरली होती. मर्यादा अशा: प्रत्येक एक्स्टेन्शनला किमान ३०,००० स्थिर, म्हणजे एक्स्टेन्शनसोबतच येणाऱ्या, नियमांची हमी, त्यावर सगळ्या एक्स्टेन्शन्सनी मिळून वापरायचा ३,००,०००चा सामाईक साठा. चालू असताना घालता येणारे साधे अडवण्याचे नियम ३०,०००, पण विनंती दुसरीकडे वळवणारे किंवा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) बदलणारे नियम फक्त ५,०००. रेजेक्सचे, म्हणजे पत्त्याचा नमुना सांगून जुळवायचे, नियम १,०००च, तेही आरई२ नावाच्या मर्यादित व्याकरणात; त्यात लुकअहेड आणि बॅकरेफरन्ससारख्या गुंतागुंतीच्या रचना नाहीत. प्रत्यक्ष वापरात एकूण आकडा आड येत नाही. लाइट हजारो डोमेन एका नियमात गुंफतं. त्याच्या डॅशबोर्डवर प्रत्येक यादीसमोर मूळ फिल्टर किती होते आणि त्यांचे नियम किती झाले हे दिसतं, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा खूप लहान असतो. तोटा होतो तो या व्याकरणात न बसणाऱ्या फिल्टरांचा. ते रूपांतरातच गळतात. सामाईक साठ्याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवा. दोन-तीन ब्लॉकर एकत्र ठेवले तर ते एकाच साठ्यातून खातात, आणि साठा संपल्यावर पुढची यादी चालूच होत नाही.

लाइट बसवल्यावर सर्वात आधी पातळी तपासा. आयकॉनवर टिचकी मारली की सरकपट्टी दिसते: फिल्टरिंग बंद, बेसिक, ऑप्टिमल, कम्प्लीट. बेसिकमध्ये फक्त नेटवर्कचे नियम चालतात. जाहिरात येत नाही, पण तिची रिकामी चौकट कधीकधी राहते. ऑप्टिमलमध्ये त्या त्या साइटसाठी लिहिलेले लपवण्याचे नियम आणि स्क्रिप्टलेट, म्हणजे पानाच्या स्वतःच्या स्क्रिप्टला चकवणारे छोटे तुकडे, चालू होतात. कम्प्लीटमध्ये सगळ्या साइटना लागू होणारे सर्वसाधारण लपवण्याचे नियमही लागतात आणि जड पानांवर थोडा भार जाणवतो. सगळीकडे ऑप्टिमल आणि बातम्यांच्या दोन-चार गजबजलेल्या साइटवर कम्प्लीट, ही मांडणी सर्वात बरी चालली. मग डॅशबोर्डच्या फिल्टर याद्यांत जाऊन आपल्या भाषेची किंवा प्रदेशाची यादी असेल तर तिच्यावर खूण करा, आणि कुकीच्या पाट्या व नोटिफिकेशनचे आग्रह नको असतील तर त्रासदायक गोष्टींच्या याद्याही. या शेवटच्या याद्या मुळात बंद असतात. लाइट पाट्या काढत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते.

लाइटच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. नियम ब्राउझरच्या आतच असल्यामुळे ब्राउझर उघडताक्षणी परत आलेल्या टॅबनाही ते लागू असतात. जुनं यूब्लॉक क्रोमवर इथे कमी पडायचं. त्याच्या याद्या चढेपर्यंत सुरुवातीच्या काही विनंत्या निसटायच्या. मागे सतत चालणारी प्रक्रियाही नाही, कारण एक्स्टेन्शनचा मागे चालणारा भाग, सर्व्हिस वर्कर, ३० सेकंद काम नसलं की बंद होतो. कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हा फरक कळतो. घरातल्या ज्या माणसांना सेटिंग्ज कधीच उघडायच्या नाहीत, त्यांच्या क्रोममध्ये मी लाइटच बसवतो आणि त्यात काही कमी वाटत नाही.

अडचण सुरू होते यूट्यूबसारख्या ठिकाणी. तिथे जाहिरातीची माहिती व्हिडिओच्याच डोमेनवरून येते, म्हणून डोमेन अडवून भागत नाही. स्क्रिप्टलेट लागतो आणि साइट बदलली की तोही बदलावा लागतो. पूर्ण यूब्लॉक आपल्या याद्या स्वतः उतरवून घेतं, घाईच्या दुरुस्त्यांसाठी त्यात वेगळी यादीच आहे, आणि सकाळी मोडलेलं बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत जाग्यावर येतं. लाइटच्या याद्या एक्स्टेन्शनच्या पुडक्यातच बांधलेल्या असतात. नवी यादी म्हणजे नवी आवृत्ती, आणि नवी आवृत्ती म्हणजे स्टोअरची तपासणी. नुसते अडवण्याचे स्थिर नियम बदलले तर तपासणीविना पुढे जाण्याची सोय गूगलने ठेवली आहे, पण स्क्रिप्टलेट हा कोड असल्यामुळे तो त्या सोयीत बसत नाही. ज्या भागाला सर्वात लवकर दुरुस्ती लागते तोच भाग रांगेत उभा राहतो. नव्या नियमांवरचा माझा सर्वात मोठा आक्षेप हाच आहे. अशा वेळी एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून अपडेटचं बटण दाबून पाहा. नवी आवृत्ती स्टोअरवर आलेली असेल तर वाट पाहायला लागत नाही. आली नसेल तर थांबण्यावाचून उपाय नाही.

दुसरी उणीव लॉगरची, म्हणजे कोणती विनंती कोणत्या नियमाने अडली ते दाखवणाऱ्या नोंदीची. एखाद्या पानावर पैसे भरायचं बटण दबत नाही, तेव्हा कोणती विनंती अडली हे लाइट दाखवू शकत नाही, कारण निर्णय ब्राउझरने घेतलेला असतो. मग एक पातळी खाली उतरा, पान पुन्हा उघडा, चाललं नाही तर आणखी एक उतरा, एवढंच करता येतं. निवडलेला घटक लपवायचं साधन लाइटमध्ये आता आलं आहे, पण बाहेरची यादी पत्ता देऊन जोडता येत नाही. जुन्या यूब्लॉकची बॅकअप फाइलही लाइट उचलत नाही.

तीच फाइल फायरफॉक्सवर जशीच्या तशी चालते. जुन्या ब्राउझरात यूब्लॉक अजून उघडत असेल तर त्याच्या सेटिंग्ज पानाच्या तळाशी असलेलं बॅकअपचं बटण आजच दाबून ठेवा. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक बसवून त्याच जागी रिस्टोअर दाबलं की तुमचे फिल्टर, विश्वासातल्या साइट, निवडलेल्या याद्या सगळं परत येतं. मग ॲड-ऑनच्या पानावर यूब्लॉक उघडून खाजगी खिडक्यांत चालवायची परवानगी द्या. ही मुळात बंद असते, आणि खाजगी खिडकीत जाहिराती दिसतात या तक्रारीमागे बहुधा हेच कारण निघतं.

फायरफॉक्सने अडवणारं वेबरिक्वेस्ट मॅनिफेस्ट व्ही३मध्येही ठेवलं, आणि व्ही२ काढायचं ठरलंच तर किमान १२ महिने आधी सांगू असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केलं आहे. शिवाय यूब्लॉकला इथे क्रोमवर कधीच न मिळालेल्या दोन गोष्टी मिळतात. काही ट्रॅकर साइटच्याच उपडोमेनचं नाव पांघरून येतात आणि डीएनएसच्या सीनेम नोंदीतून त्यांचा खरा पत्ता दुसरीकडे असतो. फायरफॉक्स एक्स्टेन्शनला ती नोंद पाहू देतो, म्हणून मुखवटा उतरतो. दुसरं, पानाचा एचटीएमएल ब्राउझरने वाचण्यापूर्वीच त्यातली स्क्रिप्ट कापून काढता येते.

ज्यांना ताबा हवा त्यांच्यासाठी मीडियम मोड, म्हणजे बाहेरच्या स्क्रिप्ट आणि फ्रेम मुळातच अडवायची मांडणी, हे फायरफॉक्सकडे येण्याचं सर्वात ठोस कारण आहे. यूब्लॉकच्या सेटिंग्जमध्ये प्रगत वापरकर्ता असल्याची खूण करा. आयकॉनखालच्या तक्त्यात बाहेरच्या स्क्रिप्ट आणि बाहेरच्या फ्रेम या दोन ओळींच्या पहिल्या, म्हणजे सर्व साइटना लागू असणाऱ्या, रकान्यात लाल रंग द्या. पहिला आठवडाभर पानं मोडतील, त्याची तयारी ठेवा. मोडलेल्या पानावर तक्ता उघडून त्या साइटला लागणाऱ्या डोमेनसमोर दुसऱ्या रकान्यात राखाडी द्या, पान पुन्हा उघडा, आणि चाललं की कुलपाच्या खुणेवर दाबून नियम कायम करा. इथे नवखे लोक हटकून हिरवा देतात. हिरवा म्हणजे त्या डोमेनला याद्यांतले नियमही लागणार नाहीत, म्हणजे ट्रॅकरलाही मोकळं रान. राखाडी फक्त तुमचा सरसकट लाल बाजूला करतो आणि याद्या चालू ठेवतो. व्हिडिओ, नकाशे आणि पैसे भरण्याची पानं राखाडी मागतात. बातम्यांची बहुतेक पानं काहीच मागत नाहीत आणि चटकन उघडतात.

फायरफॉक्सचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. पानाला यूएसबी उपकरणांशी थेट बोलू देणाऱ्या वेबएचआयडी आणि वेबयूएसबी या सोयी तिथे नाहीत, त्यामुळे ब्राउझरमधून कीबोर्डची मांडणी बदलणं किंवा एखाद्या बोर्डवर फर्मवेअर चढवणं यासाठी क्रोमियम जातीचा, म्हणजे क्रोमच्याच मुक्त कोडवर बनलेला, ब्राउझर ठेवावाच लागतो. काही ऑफिसांची अंतर्गत साधनं फक्त क्रोमवर तपासलेली असतात. मुख्य वापर फायरफॉक्सवर आणि अशा कामांपुरतं लाइट लावलेलं क्रोम, ही जोडी सर्वात कमी त्रास देते. पासवर्ड ब्राउझरऐवजी वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असतील तर ही ये-जा जाचत नाही.

ब्रेव्ह हा मधला रस्ता आहे आणि बऱ्याच जणांना तोच पुरेल. शील्ड्स एक्स्टेन्शन नसून ब्राउझरचाच भाग असल्यामुळे मॅनिफेस्टचे नियम त्याला लागूच होत नाहीत. याद्या ब्राउझर स्वतः ताज्या करतो, सीनेमचा मुखवटाही उतरवतो. सुरुवातीची पातळी स्टँडर्ड असते आणि ती साइटच्या स्वतःच्या डोमेनवरच्या जाहिरातींबाबत सौम्य वागते; त्याही नको असतील तर अग्रेसिव्ह निवडा. शील्ड्सच्या सेटिंग्जमधल्या कंटेंट फिल्टरिंगच्या पानावर बाहेरच्या याद्या पत्ता देऊन जोडता येतात आणि स्वतःचे फिल्टरही लिहिता येतात. वाक्यरचना बरीचशी यूब्लॉकचीच, त्यामुळे जुने नियम थोड्या छाटणीने चालून जातात. मीडियम मोडसारखा तक्ता मात्र नाही. रिवॉर्ड्स, वॉलेट या ब्रेव्हच्या क्रिप्टो सोयींची बटणं पहिल्या दिवशीच लपवा, म्हणजे ब्राउझर शांत होतो. यूब्लॉक ओरिजिन, ॲडगार्ड, नोस्क्रिप्ट आणि यूमॅट्रिक्स या चार व्ही२ एक्स्टेन्शन्ससाठी ब्रेव्हने सेटिंग्जमध्ये वेगळी सोयही दिली आहे. ती आज चालते, पण क्रोमियममधून निघालेला कोड एका कंपनीने सांभाळत राहण्यावर ती अवलंबून आहे. ब्रेव्ह घ्यायचा तर शील्ड्ससाठी घ्या.

शील्ड्स आणि यूब्लॉक दोन्ही पूर्ण ताकदीने एकत्र चालवू नका. एकाच पानावर दोघांचे स्क्रिप्टलेट एकमेकांच्या पायात येतात, आणि पान कोणी मोडलं हे शोधताना दोन ठिकाणी पाहावं लागतं. स्टोअरमध्ये शोधताना नावही नीट वाचा. नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळ्या लोकांचं वेगळं उत्पादन आहे. यूब्लॉक ओरिजिनचे कर्ते रेमंड हिल यांच्या एक्स्टेन्शनच्या नावात ‘ओरिजिन’ असतंच.

फोनवर निवड सोपी आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत, तर अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक चालतं, लॉगरसकट. आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन नाहीत. तिथे २०२५मध्ये सफारीसाठी आलेलं यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या किंवा ॲडगार्ड. बसवल्यावर सफारीच्या सेटिंग्जमधल्या एक्स्टेन्शन्समध्ये जाऊन ते चालू करावं लागतं आणि सर्व वेबसाइटना परवानगी द्यावी लागते, नाहीतर ऑप्टिमल पातळी लागूच होत नाही.