शुक्रवारपर्यंत: ‘बाय फ्रायडे’ की ‘टिल फ्रायडे’?

आमच्या देवगडच्या बागेतल्या पेट्या बाहेरगावी जातात आणि गिऱ्हाइकांशी बोलणं बहुतेक इंग्रजी मेसेजवर होतं. एका एप्रिलात बंगळुरूहून मेसेज आला, ‘आय विल बी होम टिल फोर.’ मी मनातल्या मनात मराठी केलं: चारपर्यंत घरी असेन. म्हणजे चारला पोचतील, असं धरून टेम्पोवाल्याला साडेचारची वेळ दिली. दाराला कुलूप. ते चारपर्यंतच घरी होते. पिकत आलेला हापूस रात्रभर बंद टेम्पोत उबला आणि खालच्या थरातली फळं गेली.

घोळ ‘पर्यंत’चा. ‘चारपर्यंत ये’ आणि ‘चारपर्यंत थांब’, दोन्हीकडे आपला शब्द एकच; फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत त्यासाठी शब्दच वेगळा घ्यावा लागतो.

एकदाच उरकायच्या कामाला ‘बाय’: पैसे भरणं, पार्सल पोचणं. ‘पे बाय फ्रायडे’ म्हटल्यावर मंगळवारी भरले तरी चालतात आणि शुक्रवारीही चालतात. शुक्रवार नकोच असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ लिहावं.

चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’: मुक्काम, उघडं दुकान, बंदी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंद असते. ती ‘क्लोज्ड टिल ३१ जुलै’. तिथे ‘बाय’ घातलं तर ३१ जुलै येईतो मासेमारी बंद झालेली असेल, असा भलताच अर्थ निघतो. ‘टिल’मध्येही ती शेवटची तारीख धरायची की नाही, हा प्रश्न उरतोच, म्हणून नेमकेपणा हवा तिथे पुढे ‘इन्क्लुसिव्ह’ जोडावं. ‘अनटिल’चा अर्थ तोच, फक्त औपचारिक पत्रात तो जास्त शोभतो.

सगळ्यात जपायचं ते नकारात. ‘पेटी रविवारपर्यंत येणार नाही’ हे इंग्रजीत कसं कळवाल? ‘वोन्ट अराइव्ह टिल संडे’ वाचणारा रविवारी पेटी येणार असं धरून बसतो. ‘वोन्ट अराइव्ह बाय संडे’ म्हणजे रविवार उलटणार, पुढे कधी ते सांगितलेलंच नाही. रविवारी लग्नाच्या पंगतीला आमरस ठरला असेल, तर या एका शब्दावर त्या घराची सगळी तयारी अवलंबून असते.

अडलं की मी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघते. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी पैसे भरा’ बसतं, तिथे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी आमच्याकडे राहा’ कानाला खटकतं, तिथे ‘टिल’.

पैशांच्या मेसेजात मात्र मी दोन्ही टाळते. सरकारी अर्जात असतं तसं ‘ऑन ऑर बिफोर’ लिहून पुढे तारीख घालते. आणि पेटी पाठवण्याआधी गिऱ्हाईक घरी कधीपासून कधीपर्यंत आहे, या दोन्ही वेळा विचारून घेते.