कॅट्स २००८ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या पाषाणच्या खोलीत बसून अंटार्क्टिकाच्या तरंगत्या बर्फाची उंची तपासणं, हे माझं सध्याचं संशोधनाचं काम. उंची मोजतो आइससॅट-२ हा उपग्रह. अडचण अशी, की आइस शेल्फ म्हणजे समुद्रावर तरंगणारं शेकडो मीटर जाडीचं बर्फाचं पठार. भरती आली की ते अख्खं वर उचललं जातं, ओहोटीला खाली बसतं. उपग्रह त्याच रेषेवर पुन्हा येतो ९१ दिवसांनी, म्हणजे वर्षातून चारदा. एवढ्यावरून भरती-ओहोटी कळत नाही, नुसती उंची बदललेली दिसते. बर्फ खरंच पातळ झाला की त्या घटकेला ओहोटी होती, हे ठरवायचं तर त्या जागेची, त्या मिनिटाची भरती आधी वजा करावी लागते. त्यासाठी आठ महिने मी कॅट्स २००८ हे भरती-ओहोटीचा अंदाज देणारं संगणकी मॉडेल वापरतोय.

मॉडेल मोफत मिळतं. अंटार्क्टिकाभोवतीचा सगळा समुद्र, आइस शेल्फच्या पोटातलं पाणीसुद्धा, ४ किलोमीटरच्या जाळीत बसवलेला आहे. भरतीचे १० घटक, म्हणजे चंद्र-सूर्यामुळे येणारी वेगवेगळ्या कालावधींची चक्रं, त्यात आहेत. नुसतं गणित नाही, प्रत्यक्ष मोजमापांशी त्याची सांगड घातलेली आहे. मी ते पायथन या संगणकीय भाषेतून, पायटीएमडी ही भरतीच्या गणितांची तयार लायब्ररी वापरून चालवतो. बसवायला अर्धा दिवस गेला.

पहिला महिना मात्र वाया गेला, आणि चूक माझी होती. रॉन्न आइस शेल्फवर भरती वजा केली की उंचीतला चढउतार कमी व्हायला हवा. तो जवळजवळ दुप्पट झाला. रॉस या दुसऱ्या आइस शेल्फवरही वाढला, पण तिथे जेमतेम १.३ पट, त्यामुळे तिथली माहितीच खराब असेल असं समजून मी पुढे जात राहिलो. शेवटी एका रात्री कागदावर आकडे मांडले. आइससॅट-२ ची वेळ सेकंदांत येते आणि मी तिची तारीख-वेळ लॅपटॉपच्या घड्याळावरून करत होतो. म्हणजे भारतीय वेळ, साडेपाच तास पुढची. रॉन्नवर चंद्राची अर्धदैनिक, म्हणजे दिवसातून दोनदा येणारी भरती मोठी, तिचं चक्र १२.४२ तासांचं. साडेपाच तास म्हणजे तिचं जवळजवळ अर्धं चक्र. मी भरतीच्या जागी ओहोटी वजा करत होतो. रॉसमध्ये भरती दिवसातून एकदाच, चक्र २४ तासांच्या आसपास, म्हणून तिथे चूक पाव चक्राएवढी पडली आणि नजरेतून निसटली. भारतात बसून कुणी हे वापरणार असेल तर पहिल्या दिवशी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहे ना, ते बघा. एक ओळ बदलली आणि रॉन्नच्या रेषा एकमेकींवर येऊन बसल्या. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

रॉसमधली ही एकदाचीच भरती मला आठ महिन्यांत सगळ्यात जास्त शिकवून गेली. अलिबागला माझे काका आहेत. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत कधी जाता येईल, हे ते तिथीवरून सांगतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. लहानपणापासून मला हा समुद्राचा नियमच वाटायचा. रॉसमध्ये तो चालत नाही. तिथे तिथी कुठली याला फारसं महत्त्व नाही, चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला गेलाय याला आहे. तो दूर असला की भरती फुगते. विषुववृत्तावर आला की एक-दोन दिवस आलेखाची रेषा जवळजवळ सपाट. पुन्हा फुगायला १३.६६ दिवस. हे मॉडेल ते अगदी नेटकं दाखवतं.

रॉन्नच्या दक्षिण टोकाला भरती-ओहोटीतला फरक उधाणाला ७ मीटरच्या घरात जातो. मुंबईला तो साधारण ४ मीटर. आपली पहिली संशोधन तळछावणी, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये आइस शेल्फवरच उभी राहिली होती. तिथे राहिलेली माणसं रोज समुद्राबरोबर वर-खाली होत होती, हे आता काम करताना हटकून आठवतं.

मॉडेलवर आंधळा विश्वास कुठे ठेवू नये, तर ग्राउंडिंग लाइनजवळ, म्हणजे बर्फ जमीन सोडून तरंगायला लागतो तिथे. पहिले काही किलोमीटर बर्फ बिजागरीसारखा वाकतो, पूर्ण उचलला जात नाही. मॉडेल पाण्याची भरती देतं, बर्फाचं वाकणं देत नाही. तिथली भरती पूर्ण वजा केली तर नसलेला खड्डा दिसतो. शिवाय बर्फाखालच्या समुद्रतळाचा आकार बऱ्याच ठिकाणी नीट मोजलेला नाही, आणि पाणी किती खोल यावर भरती ठरते. मी तो पट्टा आता वगळतो. हवेच्या दाबाचं गणितही वेगळं करावं लागतं : दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढतं.

सुरुवातीला भरती माझ्यासाठी वजा करून टाकायची गोष्ट होती. रटफर्ड हिमप्रवाहाबद्दल वाचलं तेव्हा ते बदललं. रॉन्नला मिळणारा हा प्रवाह दिवसाला साधारण १ मीटर सरकतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्याचा वेग १४.७६ दिवसांच्या चक्रात सुमारे २० टक्क्यांनी बदलताना दिसला, आणि हा परिणाम समुद्रापासून बराच आतपर्यंत पोचत होता. १४.७६ दिवस म्हणजे उधाण ते उधाण. जमिनीवरच्या बर्फाला उधाण-भांग कळतं! त्यानंतर वजा केलेली भरती मी वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवायला लागलो.

अंटार्क्टिकासाठी मी हेच मॉडेल सुचवेन, मोठ्या आइस शेल्फच्या मधल्या भागासाठी तर निःशंकपणे.

मागच्या महिन्यात रॉस आणि अलिबागची एकाच महिन्याची भरती एका कागदावर छापून काकांना पाठवली. त्यांनी रॉसच्या सपाट दिवसांवर पेन्सिलीने तिथ्या लिहिल्या, एकही अष्टमीला पडला नव्हता. कागद त्यांच्या भिंतीवर कालनिर्णयशेजारी लावलाय, आणि पुढच्या महिन्याचा कधी पाठवतोस म्हणून फोन येऊन गेला.