आठवड्याच्या गोळ्यांचा डबा: पावसाळ्यात जपून

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून 80 रुपयांना आणला. 14 खण, सकाळ-रात्र. "गोळी घेतलीस गो?" हे आईचं विचारणं थांबलं, रिकामा खण तिलाही दिसतो. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या रक्ततपासणीआधी शेवटच्या गोळीला 12 तास व्हावे लागतात, तिथे रात्रीचा वेगळा खण कामी येतो.

पण झाकण सैल! जूनमध्ये सोडियम व्हॅल्प्रोएटच्या (तेही मूड स्थिर ठेवणारं औषध) गोळ्या पट्टीतून काढून भरल्या, तिसऱ्या दिवशी चिकट. ती गोळी हवेतला ओलावा ओढते. आता पट्टीच कात्रीने कापून ठेवते, मग खण अपुरा पडतो.

नऊ वर्षं नुसतं डिप्रेशन समजून एकच गोळी होती. डॉक्टरांनी झोपेशिवायही टवटवीत वाटणाऱ्या त्या दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा कुठे बायपोलर (उदासी आणि अतिउत्साह, दोन्हीचे काळ येणारा आजार) कळलं. एकाच्या जागी आता गोळ्या वाढल्या, म्हणून डबा मोठाच घ्या.