निकेलची तार, पिवळं पाणी : आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत फोंड्याच्या आमच्या लॅबमध्ये ही मांडणी उभी केली. प्रक्षुब्ध (खळबळत्या, टर्ब्युलंट) प्रवाहात भिंतीपर्यंत वस्तुमान, म्हणजे विरघळलेला पदार्थ, किती वेगाने पोहोचतं, ते मोजायचं होतं. अॅक्रिलिक चॅनेलच्या तळात अर्ध्या मिलिमीटरची निकेलची तार, तोंड भिंतीशी अगदी सपाट. टाकीत फेरीसायनाइड आणि फेरोसायनाइड ही लोहाची दोन संयुगं प्रत्येकी ०.०१ मोलर (लिटरमागे मोल), सोबत ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. "हळद घातलीत काय, सर?" लॅबमधल्या काकांचा पहिला प्रश्न.

तारेवरचं व्होल्टेज चढवत गेलं की एका टप्प्यावर करंट वाढायचा थांबतो. तारेवर पोहोचलेला प्रत्येक आयन तिथल्या तिथे खपतो. या करंटला फॅरडे स्थिरांक (एका मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार), तारेच्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि द्रावणाची संहती यांच्या गुणाकाराने भागलं की वस्तुमान पोहोचण्याचा वेग मिळाला. प्रवाहात काही खुपसावं लागत नाही, हे मला सर्वांत आवडलं. तारेलगतचा, आयन विरळ होत गेलेला द्रावणाचा थर जेमतेम १० मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी पातळ. मात्र तोच थर प्रवाहाची जलद थरथर गिळून टाकतो, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांवर दुरुस्तीशिवाय विसंबू नका.

आता रडगाणं. जूनमध्ये पाऊस धरला. सकाळी टाकी २६ अंशांवर, दुपारी पंप चालून ३१. अंशामागे करंट साधारण २ टक्के सरकतो, आणि भिंतीवरचा वेग-उतार (भिंतीपासून दूर जाताना प्रवाहाचा वेग किती झपाट्याने वाढतो ते) करंटच्या घनाच्या प्रमाणात असल्याने २ टक्क्यांची चूक तिथे ६ टक्के होते. तापमान लिहायचंच राहिलं होतं. आठवड्याची रीडिंग्ज वाया गेली. चूक माझीच. आता टाकीत थंड पाण्याची कॉइल आहे.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं आणि उजेडात फेरीसायनाइडचं विघटन होतं, म्हणून टाकीवर काळं कापड. ऑक्सिजन घालवायला नायट्रोजनचे बुडबुडे, द्रावणाची संहती तपासायला दर सोमवारी टायट्रेशन. रोज सकाळी आधी व्होल्टेज फिरवून बघतो: करंटचा सपाट भाग तिरका दिसला की निकेल मळलंय, बारीक अॅल्युमिनाने (पॉलिशच्या भुकटीने) घासायचं. घाईत अॅसिडने धुवायचा मोह होतो. या द्रावणाजवळ अॅसिड नेऊच नका, विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

पंपाचं सील दोनदा गळलं. विकणाऱ्याने "अल्कली चालेल" असं छातीठोक सांगितलं होतं; बोटं साबणासारखी बुळबुळीत झाली तेव्हा कळलं.

एकच तार प्रवाहाची दिशा सांगत नाही. दोन अर्ध्या तारा मधे पातळ इन्सुलेशन ठेवून शेजारी बसवल्या तर कळते; त्या घासून तयार आहेत, दिवाळीनंतर लावतो.